कोफ्त्यांवर पहारा

आमच्या मजल्यावर किस्से जमतात ते माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे. कुणी चढवले कळत नाही, आणि टाकवत पण नाहीत.

माझे सगळे डबे सध्या एकाच भाजीचे आहेत. मलई कोफ्ता. हसू नका. मी घोडपदेवचा, गाव मालवणकडचं, जन्म गिरणीत गेला, शाळा चौथीपर्यंत. मला बांगडा कळतो. पण श्रावण लागला की आमच्याकडे मासे बंद. मग आमची ही, शालिनी, कोफ्ते करते. गिरणी बंद पडली तेव्हा ती लग्नाच्या केटररकडे पुऱ्या लाटायला जायची, तिथल्या महाराजाचं बघून बघून शिकली. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मी म्हणालो, "बटाटेवड्याला दुधात बुडवून मारलाय." तरी दोन वाट्या खाल्ल्या.

आता मात्र ती बटाटे उकडायला लागली की मी हातातलं काम टाकून ओट्याशी येतो. का ते ऐका.

*

कोफ्त्यांचा हिचा एक नियम आहे. गोळे वळून झाले की आधी एकच तेलात सोडायचा. तो टिकला तर बाकीचे. फुटला तर कॉर्नफ्लॉवर वाढवायचं. इतकी वर्षं हा नियम मोडलेला मी बघितला नाही.

गेल्या श्रावणात तिने कढईत एकदम सहा सोडले.

आधी फुसफुस, मग फाट फाट. गाजर, फरसबी, पनीर, सगळं हवेत. तेल भिंतीवर, तेल कॅलेंडरवर, माझ्या बनियनवर. शेजारचा तावडे धावत आला. तावडे आणि मी गिरणीत एकाच खात्यातले, तो मला नाना म्हणतो.

"नाना, गणपतीचे फटाके आत्ताच आणलेस काय रे?"

ही म्हणाली, "बटाटे पाणचट निघाले मेले."

मी पण तेच धरून चाललो. बटाट्याला शिव्या घातल्या, भाजीवाल्याला घातल्या. पण कोफ्ता फुटला त्याचं मला काही नव्हतं. तिने एक सोडून बघितला नाही, ते डोक्यात राहिलं.

*

पुढच्या सोमवारी कोफ्ते छान टिकले. हिने वाटीभर तावडेकडे पाठवले. अर्ध्या तासात तावडे वाटी घेऊन हजर. वाटी भरलेलीच.

"वहिनी, कोफ्ता एक नंबर," तो म्हणाला. "पण ग्रेव्हीत अख्खी गिरगाव चौपाटी ओतलीत."

मी घास घेतला. जीभ आत ओढली गेली, इतकं खारट.

ही समोर जेवत होती. सावकाश, नेहमीसारखी. ग्रेव्ही चपातीने पुसून खाल्ली आणि म्हणाली, "तावड्याच्या तोंडाला चवच नाही."

तावडे माझ्याकडे बघायला लागला. मी वाटीत बघत बसलो. त्या माणसाला एरवी मी चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी त्याला दारापर्यंत सोडून आलो.

*

मग तेल थोडक्यात पेटायचं राहिलं, तो दिवस.

मी गॅलरीत पेपर बघत होतो. ही शेजारी बसून मेथी निवडत होती. गप्पा चालल्या होत्या मजेत. आतून धुराचा वास आला. मी आत गेलो तर कढईतलं तेल काळं पडलेलं, धूर छताला. गॅस बंद केला. बटण दोनदा फिरवून बघितलं.

ही मागून आली आणि म्हणाली, "मी बंद केला होता ना?"

मी म्हणालो, "हो. वास राहिलाय नुसता."

तावडेच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळी डोंबिवलीहून संदीपचा, आमच्या पोराचा फोन.

"बाबा, सिलिंडर काढून टाकू. खोली बंद करा, आईला इकडे आणतो. तुम्ही पण या."

"ती तिकडे दिवसभर काय करणार? तुझी सून, म्हणजे माझी सून, तिला ओट्याजवळ उभी करेल?"

"कशाला उभं राहायचंय आता? आराम करू दे."

आराम. मी गिरणी बंद झाल्यावर आराम करणारे बघितलेत. वर्षभरात फोटोला हार.

"गणपतीला येतोस ना," मी म्हणालो, "तिच्या हातचं जेव आणि मग काय ते ठरव."

*

तेव्हापासून मी ओट्याशी स्टूल टाकून बसतो. गॅस पेटला की मी हजर.

"मीठ घातलं?"

"घातलं."

"एक सोडून बघितलास?"

"अहो, वॉचमन ठेवलाय का माझ्यावर?" ती पनीर आणि किसणी माझ्या मांडीवर आदळते. "बसलाच आहात तर किसा."

तावडे दारातून म्हणतो, "नाना, ड्युटी कितीची?"

मी किसतो आणि नजर बटणावर. मला भुताची भीती कधी वाटली नाही. ह्या काळ्या बटणाची वाटते.

*

गणपतीचा दिवस. संदीप सकाळीच आला. मोदक तर होतेच, पण त्याला आईचे कोफ्ते हवे होते. कांदा-लसूण न घालता, नैवेद्याचे.

आता नैवेद्याचं तुम्हाला माहीत आहे. देवाला दाखवेपर्यंत चाखायचं नाही. ग्रेव्ही उकळत होती. हिने मिठाचा डबा उघडला, चिमूट घेतली आणि हात तसाच हवेत. किती वेळ कोण जाणे. मग चिमूट परत डब्यात टाकली, झाकण लावलं.

आधी घातलं होतं म्हणून थांबली, की कशाला डबा उघडला तेच विसरली? ती वळली तसं मी बोट ग्रेव्हीकडे नेलं. बोटावर पळी बसली.

"देवाच्या आधी जेवताय?"

आरतीत माझं लक्ष बाप्पाकडे नव्हतं, पोराकडे होतं. पानं मांडली. संदीपने कोफ्ता फोडला, ग्रेव्हीत घोळवला, तोंडात घातला. चावला. गिळला.

"आई," तो म्हणाला, "सेम. अगदी पहिल्यासारखे."

मी तीन कोफ्ते खाल्ले, वर मोदक.

जेवण झाल्यावर ताट घेऊन मोरीकडे निघालो. मायलेक ओट्याशी उभे, पाठ माझ्याकडे. ही हळू आवाजात बोलत होती.

"बाबांना काही बोलू नको हां. गेल्या आठवड्यात दूध गॅसवर ठेवलं आणि खाली निघून गेले. सगळं उतू गेलं, गॅस विझला, तसाच चालू. मी येऊन बंद केला. घाबरतात रे ते. म्हणून मी त्यांना इथे स्टुलावर बसवते, पनीर किसायला देते. डोळ्यासमोर राहतात."

संदीप वळला. मी ताट घेऊन दारात.

"बाबा," तो म्हणाला, "ते दूध..."

"कुठलं दूध?" मी म्हणालो.