चोवीस वर्षांचे आजोबा

'प्रणाली सुस्थितीत व कार्यरत आहे.' हे वाक्य मी दर मार्च महिन्यात एकदा, अशी कित्येक वर्षं लिहिलं, आणि लिहिताना दर वेळी माझ्या डोक्यात तिडीक गेली. आता निवृत्त झाले आहे, कुणाच्या बापाला भिण्याचं कारण नाही, म्हणून सांगते. ती प्रणाली धड चालत नव्हती, आम्ही चार कारकून तिला ढकलत होतो.

पोलीस खात्यात होते, पण वर्दीतली नव्हते. बेलापूरला एका सरकारी इमारतीत, लोकांची माहिती जमवून ठेवणाऱ्या एका शाखेत कारकून म्हणून लागले आणि कार्यालय अधीक्षक म्हणून बाहेर पडले. कुणाला पासपोर्ट हवा असला, कुणाला मोठ्या जागी नोकरी लागली, की त्याचं नाव आमच्याकडे यायचं. आम्ही ते संगणकात टाकून बघायचो आणि 'प्रतिकूल काही नाही' किंवा 'प्रतिकूल नोंद आढळते' असं लिहून पाठवायचो. त्या एका ओळीवर माणसाचं बरंच काही अवलंबून असायचं.

संगणक पहिल्यांदा आले तेव्हा जुनी कार्डं त्यात भरायचं काम माझ्याकडे आलं. पिवळी पडलेली पुठ्ठ्याची कार्डं होती ती, एकेका माणसाचं एकेक. त्या सॉफ्टवेअरमध्ये जन्मतारखेला जागाच नव्हती, फक्त 'वय' असा रकाना होता. मी तेव्हाच्या साहेबांना विचारलं, "सर, हे कार्ड किती तरी वर्षांपूर्वीचं आहे. वय आजचं टाकू की कार्डावरचं?" ते म्हणाले, "कार्डावर आहे तेच टाका, स्वतःचं डोकं चालवू नका." मी चालवलं नाही. भरून झालेली कार्डं पुढे नियमाप्रमाणे नष्ट केली, आणि वर्षातून एकदा एक बटण दाबून सगळ्या नोंदी ताज्या करायचा आदेश निघाला. त्यामुळे नोंदीवरची तारीख दर वर्षी नवी व्हायची आणि वय मात्र जिथल्या तिथे राहायचं. आमच्या संगणकात कुणी म्हातारं होत नव्हतं.

तरी बरीच वर्षं निभावलं, कारण आमच्यात एक जुने हवालदार होते. खाडीकाठच्या गावांमधली घरं त्यांना तोंडपाठ. तिथे प्रत्येक पिढीत नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आहे. म्हणजे आजोबांचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव, आडनाव, आणि नातवाचं नाव, त्याच्या वडलांचं नाव, आडनाव, सगळं एकसारखं होतं. गावही तेच. पडद्यावर नाव जुळलं की हवालदार चष्मा वर सरकवून म्हणायचे, "तो हा नव्हं मॅडम, तो ह्येचा आजा." की आम्ही 'प्रतिकूल काही नाही' लिहून मोकळे. मग ते निवृत्त झाले, साताऱ्याकडे गावी जाऊन राहिले, आणि वर्षभरात गेलेसुद्धा. त्यांच्या जागी संगणकाचा शब्द प्रमाण धरायचं ठरलं.

नवीन सॉफ्टवेअरसाठी निधी मागायचा प्रस्ताव मी त्याआधीच तयार केला होता. तो वर गेला की शेरा यायचा, 'सध्याची प्रणाली कार्यरत असल्याचे आपल्याच वार्षिक अहवालात नमूद आहे. सबब नवीन प्रणालीची गरज स्पष्ट करावी.' मी साहेबांना म्हणायचे, या वर्षी खरं लिहू या. ते म्हणायचे, "आणि गेल्या वर्षी कार्यरत असं का लिहिलं म्हणून विचारलं तर? तुमची चौकशी लागेल की माझी?" त्यामुळे मार्चमध्ये 'कार्यरत' आणि एप्रिलमध्ये 'तातडीने बदलणे आवश्यक', असे कागदी घोडे आम्ही नाचवत राहिलो. साहेब बदलले, खुर्च्या बदलल्या, प्रस्तावाचं घोंगडं भिजतच राहिलं.

अशात तो मुलगा आला. चोवीस वर्षांचा, विमानं दुरुस्त करायचं शिक्षण घेतलेला. नव्या विमानतळावर त्याची निवड झाली होती, पण आत शिरायचा पास मिळेना, कारण आमच्या शाखेतून 'प्रतिकूल नोंद आढळते' असं गेलं होतं. पास नाही तर नोकरी नाही. त्याच्याबरोबर त्याचे आजोबा आले होते, पासष्टीचे, ताठ, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी.

मी नोंद उघडली. नाव, वडलांचं नाव, गाव तेच. वय चोवीस. शेरा, 'जमीन आंदोलनात सहभाग. लक्ष ठेवावे.'

आजोबा टेबलावर वाकले. "बाय, तो मी हाय," ते म्हणाले. "जमिनीच्या मोर्चात आमाना धरला व्हता. सांजचे सोरला. ह्यो तवा जल्मालाच नव्हता, ह्याचा बापूस पन बारका व्हता."

ते कार्ड मीच टाइप केलं असणार. तो चोवीसचा आकडा माझ्याच बोटांनी पडलेला. मला त्या दोघांकडे बघवेना.

मी टिपणी लिहून साहेबांकडे गेले. साहेब वाईट नव्हते. त्यांनी शांतपणे वाचलं आणि विचारलं, "मूळ कार्ड कुठे आहे?" म्हटलं, नष्ट केलं. "मग ही नोंद आजोबांची आहे याला पुरावा काय?" मी म्हटलं, ते स्वतः बाहेर बसलेत, सांगतायत की तो मीच. साहेब म्हणाले, "त्यांच्या आधार कार्डावरून ते पासष्टचे आहेत एवढंच सिद्ध होतं. नोंद चोवीस वर्षांच्या माणसाची आहे. चोवीस वर्षांचा माणूस यांच्यात कोण?"

अंगाची लाही लाही झाली माझ्या. एक जिवंत माणूस पायऱ्या चढून येतो, पकडला गेलो होतो तो मीच, असं आपल्या तोंडाने सांगतो, आणि त्याच्यापेक्षा माझ्या एका जुन्या टायपिंगवर सरकारचा विश्वास जास्त. मी आवाज चढवला तेव्हा साहेब म्हणाले, "टेन्शन घेऊ नका. निधी मंजूर होतोय. नव्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं दुरुस्त होईल. मुलाला सांगा, पुढच्या भरतीत परत अर्ज कर." मी बाहेर जाऊन त्याला तेच सांगितलं. त्याची ती नोकरी गेली.

निधी खरंच मंजूर झाला. पण मागितला होता त्यापेक्षा कमी, आणि काहीतरी कापा असा निरोप आला. बैठकीत भिंतीएवढा पडदा कापायला कुणी तयार होईना, कारण उद्घाटनाला तोच दिसणार होता. नकाशावर लाल-हिरवे ठिपके दाखवणारी सोय कापायलाही कुणी तयार होईना. शेवटी सगळ्यांचे डोळे 'जुन्या नोंदींची तपासणी व दुरुस्ती' या कलमावर आले. ते मी मागाहून घातलं होतं, त्या मुलासाठी घातलं होतं म्हणा. साहेब म्हणाले, "हे नंतर दुसऱ्या टप्प्यात करू. नाहीतर आहे तोही निधी परत जाईल." मसुदा माझ्यासमोर होता. मी पेन घेतलं आणि ती ओळ खोडली. कुणी माझा हात धरला नव्हता. इतरांवर चिडायचं ते मी भरपूर चिडले आहे, पण त्या दुपारचा राग अजून माझा मलाच पुरतो.

नवीन सॉफ्टवेअर आलं. महाप्याच्या कंपनीतून एक तरुण अभियंता बसवायला आला, गोड बोलायचा बिचारा. मोठा पडदा लागला, पेढे वाटले गेले. गर्दी पांगल्यावर मी त्याला म्हटलं, एक नाव टाकून दाखव. त्याने टाकलं. आधी नुसतं नाव जुळायचं, आता शेजारी लाल चौकटीत 'संपूर्ण जुळणी' असं झळकलं. नव्या प्रणालीत जन्मतारखेला जागा होती. ती संगणकाने नोंदीवरच्या नव्या तारखेतून वय वजा करून स्वतःच भरली होती, त्यामुळे जन्माचं वर्षसुद्धा त्या मुलाशी जुळत होतं.

"अरे, ही माहिती चुकीची आहे," मी म्हटलं.

"मॅडम, आम्ही जुना डेटा जसाच्या तसा उचललाय. दुरुस्ती आमच्या कामात नव्हती. कागदात बघा ना," तो म्हणाला. कागद मला बघायची गरज नव्हती.

मुलाने दुसऱ्यांदा अर्ज केला होता. दुसऱ्यांदाही तेच उत्तर गेलं. या वेळी मी विरोधात दोन पानी टिपणी लावली, साहेबांनी त्यावर 'पाहिले' एवढंच लिहिलं.

माझे नोकरीचे थोडे दिवस उरले होते तेव्हा आजोबा एकटेच आले. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला.

"बाय, राजपत्रात नाव बदलून मिलतं ना? अर्ज लिवून दे. नातवाचा नाव बदलतो."

त्यांचंच नाव होतं ते. त्यांच्या मांडीवर घालून, पाळण्याला गाव बोलावून ठेवलेलं.

मी म्हटलं, "बाबा, उपयोग नाही. पासच्या फॉर्मवर पूर्वीचं नाव विचारतात. ते लिहावंच लागतं, आणि लिहिलं की हीच नोंद परत निघणार."

"मंग माझा बदल."

"त्यानेही काही होत नाही, बाबा."

त्यांनी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली. चहाला हात लावला नाही. रागावले नव्हते, आवाजही चढला नव्हता.

"सरकारनं आमची जमीन घेतली तवा ती माझ्या आज्याच्या नावावं व्हती," ते म्हणाले. "त्याचा नाव न माझा नाव एकच. बापाचा पन एकच, गाव पन एकच. दोघं दारात उभे व्हतो. तवा नाय कोनाचा गोंधल झाला, बाय. बराबर त्याचाच अंगठा घेतला तुमी."