वाणात मिळालेलं पाकीट

बाळ रडत होतं आणि डोळ्यांत पाणीच नव्हतं. तोंड वाकडं, आवाज बारीक, डोळे कोरडे. सकाळपासून जुलाब, शू नाहीच. मी त्याला खांद्यावर घेऊन हॉलमध्ये नुसती फिरत होते. शारजातली ऑगस्टची दुपार, नवरा हमरिया फ्री झोनला कंपनीत, फोन केला तर तिथले म्हणाले साइटवर गेलाय. आणि शेजारच्या काकू गोळी घेऊन समोर उभ्या.

"पाणी बंद कर आधी. पाजशील तितकं खाली जाणार. ही अर्धी गोळी दे, खलास."

गोळी मुंबईहून आलेली. आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी इंडियाहून येणार असलं की लोणच्याबरोबर गोळ्या यायच्या. तापाच्या, जुलाबाच्या, मोठ्यांच्या, पोरांच्या, सगळ्या एकाच डब्यात. त्यात माझं नि बाळाचं हेल्थ कार्ड झालेलं नव्हतं. काकू म्हणायच्या, कार्ड नाही तर हॉस्पिटलवाले दारातूनच परत पाठवतात. काकूंना गल्फमध्ये पंधरा वर्षं झालेली. मी आठवी नापास, इथं येऊन वर्षसुद्धा नाही. त्यांचं नाही ऐकायचं तर कोणाचं?

हात पुढे केला होता मी गोळीला. खरंच केला होता. आणि जानेवारीतलं हळदीकुंकू आठवलं.

खालच्या मजल्यावरच्या ताईंकडे होतं ते. ताई लग्नाआधी मुंबईत नर्स होत्या. बाकीच्यांनी आपापल्याकडे वाण म्हणून वाट्या दिलेल्या, डबे दिलेले, ताईंनी काय दिलं तर मीठसाखरेची पाकिटं, जुलाबात पाण्यातून देतात ती.

"अगं बाई, वाणात जुलाबाचं औषध!"

"पुढच्या वर्षी थर्मामीटर देतील बघ."

काय हसल्या बायका! ताई पण हसल्या. म्हणाल्या, "हसा, पण ऐका. एक लिटर पाण्याला एक पाकीट. इथली मोठी बाटली दीड लिटरची असते, ती नाही. आणि कोणी काही दे म्हटलं की विचारायचं, कशावरून? मलाही विचारा."

"बरं, कशावरून?" काकूच म्हणाल्या.

"पाणी बंद केलेली पोरं नि हे पाणी पाजलेली पोरं, दोन्हीकडची डॉक्टरांनी मोजून बघितलीत काकू. एका घरातली नाही, ठिकठिकाणची. पाजलेली जास्त वाचली."

"माझी चारही पोरं पाणी बंद करूनच वाढली."

"वाढली ती दिसतात. जी गेली, त्यांच्या आया हळदीकुंकवात उठून सांगत नाहीत."

काकूंनी तोंड फिरवलं. मला वाटलं, राग आला.

निघताना ताईंनी अजून एक सांगितलं. सरकारी हॉस्पिटलच्या काउंटरवर जाऊन त्या स्वतः विचारून आल्या होत्या. पोर सीरियस असेल तर इमर्जन्सीत आधी बघतात, कार्डाचं नंतर. "रडताना डोळ्यांत पाणी नाही, शू नाही, की थांबायचं नाही. यल्ला, लगेच टॅक्सी."

आता ताई सुट्टीला इंडियात. पण पाकीट होतं, चहाच्या डब्यामागे. लिटरची बाटली उघडली, पाकीट फाडलं, घाईत थोडं ओट्यावर सांडलं, ते बोटानं पुसून बाटलीत टाकलं. चमचा लावला. बाळानं ओकलं. थोडी थांबले, परत लावला.

"मारशील पोराला!" काकू ओरडल्या. "तुझं मोठं शिक्षण झालंय ना?"

"नाही झालं काकू. म्हणून तर विचारते. कशावरून बंद करू पाणी?"

मी बाळाला उचललं, बाटली घेतली, चप्पल उलटीसुलटी घातली. काकू मागोमाग आल्या. कुलूप त्यांनीच लावलं.

टॅक्सीत मी चमचा लावत होते, बाटली काकूंनी धरलेली. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा खिडकीकडे बघत त्या म्हणाल्या, "पाच होती माझी."

एवढंच. बाटली घट्ट धरलेली.

काउंटरवरच्या माणसानं कार्ड मागितलं. म्हटलं, आता गप्प बसले तर संपलं. मोडक्या हिंदीत ओरडले, "कार्ड नहीं है, बच्चा रोता है, आंसू नहीं आता!" आतून एक मल्याळी नर्स धावत आली, बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून बघितली नि त्याला घेऊन गेली. सलाईन लागलं. कार्डाचं नंतर विचारलं, नवऱ्यानं येऊन सगळं निस्तरलं.

संध्याकाळी बाळ रडलं आणि गालावरून पाणी ओघळलं. पोर रडतंय आणि मी वेड्यासारखी हसतेय.

पुढच्या जानेवारीत हळदीकुंकू माझ्याकडे. वाण पाकिटांचंच. यावेळी कोणी हसलं नाही, पण नुकतीच इंडियाहून आलेली एक मुलगी, मांडीवर तान्हं, म्हणाली, "आमच्याकडे तर पाणी बंदच करतात. काकू पण म्हणाल्या होत्या म्हणे, त्यांची चारही तशीच वाढली?"

सगळ्या काकूंकडे बघायला लागल्या. टॅक्सीतलं मला एकटीला माहीत. ते सांगितलं असतं तर त्या मुलीनं जन्मात पाणी बंद केलं नसतं. पण ते माझं नव्हतं सांगायचं. आणि गप्प राहावं, तर तिच्या मांडीवर तान्हं होतं.

मी पाकिटांचं ताट उचललं आणि काकूंच्या हातात दिलं. "काकू, तुम्हीच वाटा. आणि कशावरून, ते पण तुम्हीच सांगा."

काकू ताट धरून उभ्या राहिल्या. नजर त्या तान्ह्यावर.

तुम्ही असता माझ्या जागी, तर काय केलं असतं?