भागिले एक

गडचांदुरात रसायनशास्त्र शिकला आणि सरांनी ज्याचा अर्धा गुण कापला नाही, असा माणूस सापडायचा नाही. मी त्यांचा जुना विद्यार्थी, आता शेजारी. इक्विव्हॅलंट वेट म्हणजे अणुभार भागिले संयुजा, एवढंच ते गणित. पण सरांचा त्याच्यावर भारी जीव. धुळीनं माखलेली कुणाचीही स्कूटर दिसली, की तिच्या सीटवर बोटानं ‘१०० ÷ २ = ५०’ लिहून पुढे जायचे. धूळ चुनखडीची, रेणुभार शंभर, संयुजा दोन, म्हणून तिचा हिशेब. सिमेंटच्या गावात त्यांना फळ्याची ददात कधी पडली नाही.

सोडियमची संयुजा एक, म्हणून अकरावीत मी उत्तरात नुसतं ‘२३’ लिहिलं आणि अर्धा गुण घालवून बसलो. एकानं भागून काय फरक पडतो, म्हणून भांडायला गेलो. सर शांतपणे म्हणाले, “फरक नाई पडत रे. पण भागलं, हे दिसलं पायजे.”

पुढे काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आणि सरांना मोकळं रान मिळालं. मिठाची बरणी कपाटात कुलपाआड गेली. रोज सकाळी छोट्या तराजूवर तोलून दिवसभराच्या मिठाची पुडी काकूंच्या हातात पडायची, वर सोडियमचा भागाकार लिहिलेला. वरण अळणी लागतं म्हणून काकू कुरकुरल्या, की सर पुडी उलगडून गणित दाखवायचे. आम्ही पोट धरून हसायचो.

मे महिन्यात काकू बरळायला लागल्या आणि सरांनाच ओळखेनात. चंद्रपूरला दवाखान्यात नेलं. रिपोर्टात सोडियम ११४ मिलिइक्विव्हॅलंट. हवं होतं एकशे पस्तीसच्या वर. रक्तदाबाच्या गोळीनं मीठ बाहेर काढलं होतं, घामानं आणखी काढलं, आणि पोटात जात होतं ते फक्त पुडीतलं.

“घामाचं मीठ मी धरलंच नाई,” सर व्हरांड्यात म्हणाले. “माह्याच हातानं झालं हे.”

 

डॉक्टर रोज सरांकडे बोट दाखवून काकूंना विचारायचे, हे कोण? काकू परक्या माणसाकडे बघावं तसं बघायच्या आणि मान फिरवायच्या. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला, १२९. सर खाटेपाशी उभे राहून मला तो आकडा समजावायला लागले. खरं तर स्वतःलाच धीर देत होते. सोडियमचं इक्विव्हॅलंट वेट तेवीस, म्हणून...

“भागिले एक,” काकू डोळे मिटूनच म्हणाल्या. “कापा यांचाबी अर्धा गुण.”

सर स्टुलावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडलो, खोटं कशाला सांगू.

आता गोळी बदलली आहे, बरणी ओट्यावर परत आली आहे. मीठ काकू आपल्या चिमटीनं टाकतात. कधी भाजी खारट होते. सर मुकाट्यानं जेवतात. माझ्या स्कूटरवरही हल्ली काही लिहिलेलं नसतं. तरी सकाळी मी सीट लगेच पुसत नाही. सर फिरून येईपर्यंत धूळ तशीच राहू देतो.