मानदुखीची साक्ष

मंडळी, आज सकाळी चर्चमध्ये उपासनेनंतर पाळकांनी माझ्या मानेवर हात ठेवून प्रार्थना केली. मग सगळ्यांसमोर विचारलं, "कसं वाटतंय?"

मी म्हणाले, "दुखणं गेलं."

टाळ्या वाजल्या. मान दुखतच होती. कामाच्या ताणाने गेले सहा महिने दुखते आहे.

बाहेर आमच्याच चर्चच्या मेरीअक्कांनी माझा हात धरला. "तुझी साक्ष ऐकली. सरी, ठरलं, उद्यापासून मीपण बीपीच्या गोळ्या बंद करते. माझाच विश्वास स्वल्प कमी पडत होता."

"अक्का, गोळ्या सोडू नका. माझी मान अजून दुखते आहे."

त्यांनी हात सोडला. "मग आत काय बोललीस गं?"

सर्जापूर रोडला घरी पोचले आणि लगेच हे तुम्हाला लिहायला बसले. येशूवर माझा विश्वास आहे. मग दुखतंय हे त्याच्याच घरात सांगायला मी का घाबरले? तुम्हाला सांगता येतं का?