शहागंजातला समुद्र

शहागंजापासून पडेगावापर्यंतच्या तमाम जनतेस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, औरंगाबादेतल्या एकमेव समुद्राचे मालक मोहसीनमियाँ गेल्या महिन्यात वारले. हसू नका. समुद्र खरा होता, त्यांच्या अंगणात भिंतीला टेकून उभा होता...

मियाँ सरकारी खाणखात्यात दगड तपासायचे आणि मी त्यांचा शेजारी, म्हणजे बिनपगारी श्रोता. रियासतीच्या पार पूर्वेला लोखंडाची एक खाण होती. बड्या साहेबांचं म्हणणं, लोखंड पृथ्वीच्या पोटातल्या आगीतून वर आलं, तेव्हा खोल खणा. मियाँ म्हणायचे, ते समुद्राच्या तळाशी थरावर थर बसून झालंय, आडवं पसरलंय, बाजूला शोधा. मला सांगायचे, "अरे भाई, ये आग का नहीं, पानी का काम है!" आगीतूनच निघालेल्या काळ्या दगडाच्या आमच्या गावात हे कोणाला पटणार? म्हणून त्यांनी खाणीतली एक फरशी आणून अंगणात भिंतीला टेकवून ठेवली. कडेला लाल-काळे पट्टे, आणि वर ओल्या वाळूवर उमटतात तशा लाटांच्या वळ्या. पुढं खाणीचा तो भाग सुरुंगानं उडवला. पुरावा उरला तो एवढाच.

मिनतवाऱ्या करून साहेब बघायला यायचे ठरले. नेमकी त्याच सकाळी गल्लीत टाकीवाली, म्हणजे झिजलेले पाटे-जाती छिन्नीनं टोचून देणारी बाई आली. मियाँच्या बेगम, आमच्या भाबीजान, "अंगणातल्या पाट्याला टाकी लाव" म्हणून आत गेल्या. मियाँ बाजारातून परतले तर पाट्याशेजारची फरशीही छिन्नीनं ठोकून सपाट!

"लई वाकडीतिकडी व्हती, मालक. समदी सरळ केली. हिचं काय बी देऊ नगा."

साहेबांनी फरशीवर हात फिरवला, "पाटा छान आहे" म्हणाले आणि चहा पिऊन गेले. खाण खोल जात राहिली, हाती मुरूम. मियाँ दगडांवर पुन्हा बोललेच नाहीत. मला साहेबांचा राग येतो, त्या बाईचा येतो, आणि मियाँचा सर्वांत जास्त. अहो, समुद्र कोणी पाट्याशेजारी ठेवतं का?

फरशीचा शेवटी पाटाच झाला. भाबीजान तिच्यावर चटणी वाटायच्या आणि "तुमचा समुंदर खारट नाही हो," म्हणून मियाँना चिडवायच्या. परवा मी त्यांच्याकडे बसलो होतो, तर टाकीवालीची हाक आली. आत येऊन बाईनं गुळगुळीत झालेल्या फरशीला छिन्नी लावली मात्र, पडद्याआडून भाबीजान ओरडल्या,

"हात नको लावूस! त्यात समुंदर आहे!"