खंडेनवमीला नेलेलं मशीन

मालन माझी भावजय. आमच्या मखमलाबादच्या मळ्यात झेंडू तोडायचा, माळा ओवायच्या, गिऱ्हाइकाला पोचवायच्या, एवढंच तिचं जग. कधी आवाज चढवलेला नाही. खरं सांगते, मी तिला बावळटच समजायचे.

तिची पायल सात वर्षांची. स्नायू झिजायचा आजार, त्याला औषध नाही. तासा-दोन तासाला घशात कफ दाटायचा. नळी घालून, पायानं मशीन दाबून तो ओढावा लागायचा. जरा चुकलं की पोर निळी पडायची. डॉक्टर म्हणाले, मालन एकटी किती जागणार, घरी नर्स ठेवा. माझा भाऊ चंदर अंबडला कारखान्यात, आणि कारखान्याच्या विम्यात घरचे उपचारही होते. अर्ज केला. २००३च्या भाद्रपदात विमा कंपनीचं उत्तर आलं: 'हे काम घरातील कोणालाही जमण्यासारखे आहे. नर्स मंजूर करता येत नाही.'

कोणालाही म्हणे! मेल्यांनी येऊन बघावं तरी!

मालननं पत्राची घडी घातली. "वन्सं, खंडेनवमीच्या माळा त्यांच्या ऑफिसात आपल्याच जातात ना?"

खंडेनवमीला आम्ही रिक्षानं गेलो. मांडीवर पायल, पायाशी माळांची पाटी आणि मशीन. ऑफिसात कॉम्प्युटर, टाइपरायटर पुसून मांडलेले, हळदकुंकू तयार. मालननं त्या सगळ्या मशीनना माळा घातल्या. मग आपलं मशीन मधोमध ठेवलं आणि त्यालाही घातली.

"अहो बाई, हे काय?" साहेब ओरडले.

"आमच्या घरचं हत्यार, साहेब. याच्यावर पोर जगते."

तेवढ्यात पायलचा घसा घरघरला. मालननं नळी साहेबांपुढं धरली. "घ्या. कोणालाही जमतं, तुम्हीच लिहिलंय."

साहेबांचे हात मागं गेले. पोरीचे ओठ काळवंडायला लागले. "मालन, अगं!" मी किंचाळले. पण तिची नळी तोवर आत गेलीही होती, पाय मशीनवर चालत होता. पायलनं श्वास घेतला तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

साहेब घाम पुसत म्हणाले, "ते पत्र द्या इकडं. मंजुरीचं दुसरं देतो."

"हे मिळायचं नाय. दुसरं आत्ता द्या."

टायपिस्ट केरू चाचरला, "पूजा झाली की आज मशीनला हात लावत नाहीत, बाई."

"आमच्या मशीनला सुट्टी नसते," मालन म्हणाली. तिनं टाइपरायटरवरची माळ काढली, पायलला मांडीवर घेऊन समोरच्या खुर्चीत बसली. "लिहा."

केरूनं साहेबांकडं पाहिलं. साहेब म्हणाले, "कागद लाव."