पिशवीसकट लावलेलं जंगल

गेल्या जुलैत हायवेपलीकडच्या टेकडीवर लावलेलं झाड बघून यायचं ठरवलं आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी बाबांना स्कूटरवर मागे बसवलं. बाबा उमेळ्याचे, खाडीकाठच्या भातशेतीत आयुष्य गेलेलं. मी वसईत फ्लॅट घेऊन मुंबईला नोकरी करणारी.

तुम्हीही जाणार असाल तर सातच्या आत निघा. हायवे ओलांडला की नुसती डंपरांची धूळ. वळणावरच्या टपरीत मिसळ झकास मिळते. पाणी तिथेच भरून घ्या, टेकडीवर थेंबही नाही. तिकीट वगैरे काही नाही.

वर भलामोठा फलक, 'शाश्वत वनविकास'. खाली ओळीने रोपं, निम्मी वाळलेली. माझ्या बेहड्याला बाबांनी नुसता हात लावला, तर तो अख्खा उपटून आला. मुळांभोवती नर्सरीची काळी पिशवी तशीच. आत मुळं गोल फिरून एकमेकांना आवळून बसलेली.

"कोनी लावलं हे?" बाबांचा आवाज चढला.

मी लावलं होतं. वनखात्याने रोपं आधीच खड्ड्यात उभी केली होती. आम्ही सोसायटीवाल्यांनी माती लोटली, फोटो काढले. वाकून कुणी बघितलं नाही.

बाबांनी खिशातून चाकू काढला. दुसरं रोप, तिसरं, सगळी पिशवीत. ते पिशव्या फाडत होते, मी माती दाबून बाटलीतलं पाणी घालत होते.

"आता जगतील?"

"ठाऊक नाय. पन गळा आवळून तरी मरनार नाय."

तेवढ्यात रोजंदारीवरचा राखणदार जयवंत धावत आला. "मॅडम, हात लावू नका! सरकारी झाडं आहेत, मोजणी व्हायचीय."

"मेलेली पण मोजणार?" मी ओरडले.

"उभी दिसली की झालं. पिशवी फाडत बसलं तर एका दिवसात एवढी कशी लागणार? वरून तसंच सांगितलं होतं." मग तो चौकीतून स्वतःचा पाण्याचा कॅन घेऊन आला.

सत्तावीस रोपं मोकळी झाली, तेव्हा पाणी संपलं. टेकडीभर बाकीची तशीच उभी होती.

घरी येऊन फोटोंसकट तक्रार पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, 'रोपांची स्थिती समाधानकारक.' त्याच संध्याकाळी जयवंतचा फोन. रोपांशी छेडछाड होऊ दिली म्हणून त्यालाच नोटीस आली होती.

खड्ड्यात पिशवी घालणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही, फाडू देणाऱ्याची नोकरी टांगणीला! मी लगेच खात्याला दुसरं पत्र लिहिलं: पिशव्या मी आणि माझ्या वडिलांनी फाडल्या, जयवंतने आम्हाला अडवलं होतं. विचारायचं ते आम्हाला विचारा.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं, माझ्या सहीखाली आपली सही केली आणि म्हणाले, "रविवारी परत जाऊ. पानी जास्त घे."